घोड्याची वाट

डब्याच्या पिशवीत फॉर्म सापडला. ह्यांचा जेवणाचा डबा घासायला काढला, तर पिशवीच्या तळाशी चार घड्या घातलेला कागद, एका कोपऱ्याला लसणाच्या चटणीचं तेल लागलेलं. मी सातवी पास आहे आणि वाचायची खोड मला पहिल्यापासून आहे. भेळेचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही, आणि हा तर चांगला छापील होता. एस.टी.च्या भाड्यात सवलत. नाव: सारजा जोतीराम कोकरे. वय: एक्केचाळीस. राहणार जळोची, तालुका बारामती. सगळं ह्यांच्या हातचं. पाटबंधाऱ्याच्या हापिसात एकवीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, त्यामुळे अक्षर कसं, मोजून ठेवल्यासारखं. मग खाली होतं: अपंगत्व तात्पुरते / कायमचे, लागू नसेल ते खोडा. ह्यांनी 'तात्पुरते' खोडलं होतं. नुसतं खोडलं नव्हतं, पट्टी लावून खोडलं होतं. त्याच्या खाली माझ्या सहीपुरती जागा तेवढी मोकळी होती. मी ओल्या हातांनी उभीच राहिले. नळाला पाणी आलं होतं, कळशी भरून वाहायला लागली होती, ते मला दिसत होतं, पण नळ बंद करावा असं काही केल्या वाटेना.

पाय कसा मोडला ते एकदाचं सांगून टाकते. त्याच्या तेरा महिने आधी सांगवीहून एक लग्न उरकून आम्ही येत होतो. हे मोटारसायकल चालवत होते, मी मागे. दिवस मावळला होता, गार वारं सुटलं होतं. ह्यांनी मान वळवून मला विचारलं, "थंडी वाजतीया का गं?" तेवढंच. पुढे उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही की काही नाही. ह्यांना साधं खरचटलंसुद्धा नाही. माझ्या मांडीत सळई आहे आणि उजवा पाय बोटभर आखूड आहे. मी 'व्हय' म्हणणार होते. ते तोंडातच राहिलं, आणि पुढे कितीतरी दिवस, दवाखान्यात पडल्यापडल्या, मला त्याचंच वाईट वाटायचं, की विचारलं होतं आणि उत्तर दिलं नाही.

तेव्हापासून हे माझी सेवा करतात. हापिसाला जायच्या आधी पाणी भरतात, केर काढतात, मोरीपर्यंत कोपराला धरून नेतात. डॉक्टरांनी काठी सोडवली, तरी ह्यांनी कोपर सोडलं नाही. आळीतल्या बाया म्हणतात, नवरा असावा तर असा. मलाही ते पटतं, आणि पटलं की राग येतो. वाईट वागणाऱ्या माणसाचा राग आला तर भांडून मोकळं होता येतं. चांगलं वागणाऱ्याचा राग आला की तो गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही. रात्री कुशीवर वळले तरी हे उठून बसायचे, "दुखतंय का?" म्हणून. दुखत नसलं तरी त्यांच्यासाठी दुखतंय म्हणावं लागायचं. तेरा महिन्यांत मी दारापुढच्या रस्त्याच्या पलीकडे एकटी गेले नव्हते. आणि खरं सांगायचं तर मलाही ते हळूहळू बरं वाटायला लागलं होतं. तीच मोठी भीती होती. गादीत खड्डा पडतो तशी मी घरात पडत चालले होते.

संध्याकाळी हे आले. मी कागद पुढ्यात ठेवला. "ह्यो कुणी दिला?"

"हापिसात बापूसाहेबांनी. चांगल्या मनानं दिलाय. भाडं लई कमी पडतंय म्हणं."

"आन ही रेघ कुणी मारली?"

"डाक्टर काय बोललं ते तू बी ऐकलंस न्हवं."

"मी रेघ कुणी मारली त्ये इचारतीया."

हे चपला काढायच्या विसरून तसेच पाटावर बसले. ह्यांचं असं आहे, चूक झाली की माणूस एकदम लहान होतो. मला दया आली आणि दयेचाही राग आला. मी म्हणाले, "मी सही करत न्हाय. मी शेळगावला जाणार. चालत."

"दहा कोस हाय, सारजे."

"आमचं घोडं बी दहा कोस जायाचं. त्याचा बी एक पाय अधू हुता."

शेळगाव माझं माहेर, आणि घोडं माझ्या बापाच्या बिऱ्हाडाचं. शेवटी आमचं ठरलं. मी माझ्या पायांनी शेळगावच्या माळावर पोचले तर कागद फाडून टाकायचा. वाटेत कुठल्या गाडीत बसायला लागलं, तर मी गुमान सही करायची आणि पुन्हा जन्मात त्यावर अवाक्षर काढायचं नाही. हे ठरवताना माझा आवाज खणखणीत होता. पण मोरीत जाऊन मी मांडीवर हात ठेवला, आत ती सळई थंडगार लागल्यासारखी वाटली, आणि मनात आलं, बाई, हे काय बोलून बसलीस.

बारामतीच्या एका चांभारानं कॅनव्हासच्या बुटाला बोटभर टाच चढवून दिली. नऊवारीखाली पुरुषी बूट, बघणाऱ्याला हसू यायचं, येऊ दे. महिनाभर मी घराभोवती फेऱ्या मारल्या, मग कालव्याच्या पुलापर्यंत, मग पुलापलीकडे. संक्रांत झाली आणि त्याच आठवड्यात आम्ही निघालो. सत्त्याण्णव सालची थंडी ज्यांना आठवत असेल त्यांना आठवत असेल. पहाटे तोंडातून वाफ निघत होती. कालव्याच्या पाण्यावर धूर धरला होता, उसाच्या पाचटावर दव इतकं की अंगावर शिंपडल्यासारखं. मी बापाचं घोंगडं खोळ करून डोक्यावरून घेतलं होतं. बाप जाऊन तीन वर्षं झाली, तरी घोंगड्याला अजून मेंढरांचा वास येतो, ओलं झालं की जास्तच येतो. तो वास नाकात गेला आणि माझे पाय आपोआप पडायला लागले. हे माझ्या उजव्या कोपराला धरून. कालव्याच्या कडेनं सरकारी दगड लागायचे, आकडे लिहिलेले. हे प्रत्येक दगडापाशी थांबून सांगायचे, हितं अमक्या साली भगदाड पडलं हुतं, हितनं तमक्या गावाच्या पाण्याची चारी फुटतीया. एकवीस वर्षं ह्यांनी हा कालवा फायलीत सांभाळलेला, कडेनं चालले होते आज पहिल्यांदा. दगड खरोखरच जागच्या जागी आहेत याचं त्यांना भारी कौतुक वाटत होतं, आणि मला त्यांचं.

पण चालणं जमत नव्हतं. दोघांनी मिळून चालायचं म्हणजे काय, ते आमच्यात, मेंढरांमागं फिरणाऱ्यांत, कुणी शिकवलेलंच नाही. मेंढरं घेऊन निघायचं तेव्हा आमच्यात दोन वाटा असायच्या. बाप आणि चुलते मेंढरं चारत रानातून, माळातून जायचे. आई आणि चुलत्या घोड्यावर बिऱ्हाड लादून सडकेनं. घोड्यावर भांडी, पीठ, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, आणि त्या कोकरांत मी. मोठी झाले तेव्हा लगाम माझ्या हातात आला. नवरा-बायको दिवसभर एकमेकांच्या नजरेला पडायचे नाहीत. मुक्काम कुठं ते सकाळी ठरायचं, की अमक्याच्या रानात, तमक्या विहिरीपाशी. आणि बायका आधी पोचून तीन दगड मांडायच्या, चूल पेटवायच्या. दिवस मावळता बापाची मेंढरं यायची. आई भाकरी थापता थापता मान वर न करता विचारायची, "समदी आली का?" बाप म्हणायचा, "समदी आली." नवरा-बायकोचं प्रेमाचं बोलणं म्हणाल तर एवढंच, पण रोजचं. आणि आईनं मला एकच गोष्ट शिकवली होती, लगाम धरला की मागं बघायचं नाही. मागं बघितलं की घोडं थांबतं. एक थांबलं की मागची सगळी थांबतात, आणि मग मुक्कामावर मेंढरं पोचतात पण चूल नसते.

हे मात्र सारखं बघायचे. कोपर धरूनही माझ्या पायाकडे, माझ्या तोंडाकडे. मी ओठ दाबला की, "बसूया का?" दम खाल्ला की, "दुखतंय का?" त्यांच्या त्या बघण्यानं मला माझा पाय दिसायचा, आणि दिसला की दुखायचा. सणसरला ह्यांच्या आत्याकडे मुक्काम केला. तिनं मिठाच्या गरम पाण्यानं पाय शेकले, बुटाकडे बघून हसली, आणि भाकरीवर दोन बोटं तूप जास्त घातलं. दुसऱ्या दिवशी उठले तर मांडी लाकडासारखी. बाहेर धुकं होतं, कारखान्याच्या मळीचा आंबूस वास त्यात कोंडून बसला होता. उसाच्या बैलगाड्या रांगेनं चालल्या होत्या, बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. आत्या म्हणाली, "आता यष्टीनं जावा की, कुणाला दाखवायचंय?" हे माझ्याकडे बघायला लागले. त्या नजरेत नुसती काळजी नव्हती. आशा होती. मी हरावं अशी माझ्या नवऱ्याला आशा होती. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या, पण मी हरले की त्यांचं काम चालू राहणार होतं. मी अपंग राहीन तोवर त्यांना ती वळलेली मान फेडता येणार होती. हे मला आत्याच्या अंगणात, बुटाची नाडी बांधताना कळलं, आणि इतक्या महिन्यांचा राग एकदम विरघळून गेला. गाठ मारली ती जरा घट्टच मारली.

लासुर्णे मागं टाकलं तेव्हा दिवस कलला होता. उत्तरेचं वारं तोंडावर येत होतं, कान दुखत होते. डाव्या हाताला रानातून एक पायवाट फुटते. तिथं मी उभी राहिले आणि कोपर सोडवून घेतलं. ही वाट मला माहीत होती. बापाची मेंढरं ह्याच वाटेनं माळावर चढायची. सडकेपेक्षा ती जवळची.

"तुमी हितनं जावा," मी म्हणाले. "मेंढरांच्या वाटेनं. मी घोड्याच्या वाटेनं येती. माळावरच्या बाभळीखाली गाठ पडंल."

"येडी का काय तू? एकटी?"

"माझी आय रोज एकटी जायाची."

"तिच्या मांडीत सळई न्हवती."

"तिच्या पोटात मी हुते."

हे तिथंच घुटमळले. हात पुढे येत होता, मागे जात होता. मग मी जे चौदा महिने बोलले नव्हते ते बोलले. "त्या दिवशी तुमी मागं बघितलंत. माझ्यासाठीच बघितलंत, मला ठावं हाय. मला थंडी वाजतच हुती. पर आता बघू नका. तुमी बघतासा तवर मी पडल्यालीच ऱ्हाते."

ह्यांचे डोळे भरले. वाऱ्यानंही भरले असतील. हे वळले आणि ज्वारीच्या बांधावरून चालायला लागले, खांदे वर, माझी पिशवी माझ्याकडे आणि त्यांची त्यांच्याकडे. दहा पावलांवर मान वळायला लागली, मी बघत होते. अर्धी वळली आणि परत सरळ झाली. लग्नाला बावीस वर्षं झाली, ह्यांनी माझ्यासाठी केलेलं सगळ्यात अवघड काम तेच.

मग मी एकटी. पहिल्यांदा भीती वाटली ती आवाजाची. दोन माणसं चालतात तेव्हा पावलांचा आवाज मिसळतो. एकट्या माझ्या पावलांचा आवाज वाकडा येत होता. एक जड, एक हलकं, एक जड, एक हलकं. हे असं चालते मी? लोक हे ऐकतात? मी तो आवाज ऐकत ऐकत चालले. थोड्या वेळानं त्याला ठेका आला. आमच्या घोड्याचा असाच यायचा, पुढचा डावा पाय ते जरा उचलून टाकायचं. बाप म्हणायचा, ह्याला इकून टाकू, आणि आई म्हणायची, ह्यानंच बिऱ्हाड वाहिलंय, ह्याला कुणी इकत नसतं. मी पोटात असताना, अंगावर पिती असताना, लगाम धरला तेव्हा, हाच ठेका माझ्या कानात होता. पायानं ही चाल नवी उचललेली नव्हती, तिच्याच तालावर मी लहानाची मोठी झाले होते. हे मनात आलं आणि मी भर सडकेवर एकटी हसले. समोरून सायकलवाला येत होता, तो बिचकला.

दुखणं गेलं असं कुणी समजू नये. दुखणं होतं, मांडीपासून कमरेपर्यंत करवत चालवावी तसं. अंथुर्ण्याच्या पुढे एके ठिकाणी पाय उचलेचना. मी मैलाच्या दगडावर बसले, आणि बसले ती चूक झाली. घाम गार झाला, थंडी हाडात शिरली, सळई गारठली. उठता येईना. मागून उसाचा रिकामा ट्रॅक्टर आला. मागे ट्रॉली. ड्रायव्हर तरणा होता, कानाला मफलर. थांबवून म्हणाला, "मावशी, कुठं जायचं?"

"शेळगावला."

"बसा की. तिकडंच चाललूय. पाय लई दुखत्यात वाटतं."

ट्रॉली माझ्यासमोर उभी होती. मागे लाल दिवा होता, चांगला पेटलेला. मी दोन्ही हातांनी ट्रॉलीच्या फळीला धरलं आणि उठून उभी राहिले. एवढंच करायचं होतं. कुणी बघत नव्हतं. हे माळावर असणार, मी गावाबाहेर उतरून शंभर पावलं चालत गेले असते तरी कुणाला कळलं नसतं. मी तो विचार पुरा केला, अगदी उतरल्यावर पदर कसा झटकायचा इथपर्यंत केला. मग माझ्या लक्षात आलं की मी उभी आहे. ज्या फळीला धरून चढायचं, तिला धरून मी उठले होते.

"जा बाबा तू," मी म्हणाले. "मला उठाया आधार पायजे हुता, त्यो मिळाला."

त्याला काही कळलं नाही. गेला. मी त्याच्या लाल दिव्याकडे बघत चालले, आणि दिवा लहान होत गेला तसा माझा पाय मोकळा होत गेला. ऊस तुटलेल्या रानात पाचट जाळत होते, त्याची ऊब सडकेपर्यंत येत होती. आई घोड्याला म्हणायची तसलं काहीबाही मी बडबडत होते, मोठ्यानं, लगाम हातात असल्यासारखी. चल, चल माझ्या राजा. सूर्य पाठीमागे बुडत होता, माझी सावली पुढे पडली होती, लांबच लांब, आणि सावलीला दोन्ही पाय सारखे होते.

माळ लागला तेव्हा दिवस टेकला होता. बाभळ होती. तिच्या बुंध्याशी तीन दगड होते, काळे, अर्धे मातीत बुडालेले. आईचे. हाकेच्या अंतरावर भावाचं सिमेंटचं घर, दिवे लागलेले, आत म्हातारी आई असणार. पण मला आधी चूल पेटवायची होती. हे आलेले नव्हते. म्हणजे मी आधी आले होते. जवळच्या वाटेनं गेलेल्या धडधाकट माणसाच्या आधी. मी दगड उकरून नीट मांडले, काटक्या घातल्या, पाचट घातलं, काडी ओढली. पेटली. पिशवीतल्या पातेल्यात बाटलीतलं कालव्याचं पाणी, गूळ, चहापूड. ज्वाळ वर आली तेव्हा मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले, आणि असा काही आनंद झाला की सांगता येत नाही. लग्नात झाला नव्हता, नोकरी लागली म्हणून ह्यांनी पेढे आणले तेव्हा झाला नव्हता. आले. मी आले. माझ्या पायांनी आले.

चहा उकळून आटला, पुन्हा पाणी घातलं, हे येईनात. आता मी मान लांब करून बघायला लागले. मेंढरांची वाट रिकामी. पडले का कुठं बांधावरून, विंचूकाटा, काय काय मनात आलं. एका घटकेत मला ह्यांचे चौदा महिने कळले. वाट बघणाऱ्याचा जीव चालणाऱ्यापेक्षा जास्त दमतो. आणि मग आवाज आला, पण मेंढरांच्या वाटेकडून नाही, सडकेकडून, मी आले त्याच बाजूनं. एक जड, एक हलकं. हे येत होते. एका पायात चप्पल, दुसरी तुटकी हातात. लंगडत होते.

उजेडात आले आणि मटकन बसले. श्वास मावत नव्हता. मी विचारायच्या आधी तेच बोलले. "निम्म्यात गेलो आन ऱ्हावलं न्हाय. माघारी फिरलो. सडकंला आलो तर तू न्हाईस. पळत सुटलो. एक ट्रॅक्टरवाला माघारी येताना भेटला, त्यो म्हणला एक बाई हुती, बस म्हणलं तर बसली न्हाय, लई फुडं गेली. दोन कोस पळतुया, सारजे. तू काय घावली न्हाईस."

शेवटचं वाक्य ते असं बोलले की मला वाटलं तक्रार आहे. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. हसत होते. रडत होते आणि हसत होते, नाक वाहत होतं. त्यांच्या अंगठ्यातून रक्त आलं होतं. मी पदर ओला करून ते पुसलं. त्यांनी पाय ओढून घेतला नाही. मी चहा ओतला, घोंगडं त्यांच्या खांद्यावर टाकलं, आणि निखारे सारता सारता, मान वर न करता विचारलं, "समदी आली का?"

हेही आमच्यातलेच, ह्यांच्या आईनंही विचारलं असणार. त्यांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "एक मागं ऱ्हायलं हुतं. त्ये बी आलं."

मग त्यांनी खिशातून फॉर्म काढला. ठरल्याप्रमाणे फाडायला, दोन्ही हातांत धरला. मी म्हणाले, "थांबा. पेन हाय का?"

त्यांच्या खिशाला पेन नाही असं कधी झालंय? मी कागद गुडघ्यावर ठेवला, विस्तवाच्या उजेडात वाचला. पट्टी लावून मारलेली रेघ तिथंच होती. सरळ, स्वच्छ रेघ. आता ती मला नुसती रेघ दिसत होती. पाय आखूड आहे तो आहे, कायमचाच आहे, त्यात खोटं ते काय. मी मोकळ्या जागेत सावकाश, जोडाक्षरं सांभाळून सही केली. सारजा जोतीराम कोकरे.

हे कागदावर वाकले. "अगं, तू पोचलीस की. मग?"

"मग काय," मी म्हणाले, "जाताना बी चालतच जायाचं व्हय? तुमचा पाय बघा आधी." आणि आईला सांगायला मी उठले, पुढे झाले, आणि मागं न बघता त्यांच्यासाठी कोपर पुढे केलं.